अंबाजोगाईला एक मुक्काम तरी कराच
वाचकांचे प्रश्न, निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

गेल्या अंकात मी आमच्या अंबाजोगाईवर लिहिलं होतं. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं हे तालुक्याचं गाव. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून अधिक जणांना एकच विचारायचं होतं, "परळीचं दर्शन करून दोन-तीन तासांत अंबाजोगाई उरकेल का?" देवीचं दर्शन उरकेल, गाव उरकणार नाही. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची कुलस्वामिनी योगेश्वरी. मूळचे रत्नागिरीकडचे, आता पुण्यात. सासूबाईंना घेऊन पहिल्यांदाच येतोय. त्यांचे गुडघे दुखतात. दर्शनाशिवाय आणखी काय दाखवावं? (एक गृहिणी, पुणे)

ताई, सासूबाईंना घेऊन येताय हे वाचून फार बरं वाटलं. कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवता इतक्या लांब, मराठवाड्यात कशी, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. इथे सांगतात ती कथा अशी : देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, ती कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली. वऱ्हाड इथवर पोचलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचा दगड झाला, देवी कुमारिका म्हणून इथेच राहिली. ही कथा सासूबाईंना देवळाच्या आवारात बसून सांगा आणि मग त्यांना रिक्षाने हत्तीखान्याला, म्हणजे खडकात कोरलेल्या लेण्याला न्या. त्या कथेतलं दगड झालेलं वऱ्हाड म्हणजे तिथले हत्ती, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. कथा ऐकून हत्ती पाहणं आणि नुसते हत्ती पाहणं यात फार अंतर आहे.

दर्शन सकाळी लवकर करा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळता आली तर टाळा. देवीचे दोन उत्सव मोठे. अश्विनातलं नवरात्र सगळ्यांना माहीत असतं. दुसरा मार्गशीर्षातला, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोलीही मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तेव्हा येऊ नये. पण तुम्ही एकट्या कधी आलात तर मार्गशीर्षात या. हवा छान असते आणि गाव सणात असतं.

हत्तीखान्यात जमीन खडबडीत आहे, तेव्हा सासूबाईंचा हात धरा. मुकुंदराजांच्या समाधीला मात्र त्यांना नेऊ नका, तिथे बऱ्याच पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. त्याऐवजी दासोपंतांच्या समाधीला न्या. त्यांच्या वंशजांची थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी दोन ठिकाणं गावात आहेत, तीही दाखवा. दासोपंत (१५५१ ते १६१५) हे एकनाथांच्या काळातले दत्तभक्त. गीतेवरच्या त्यांच्या 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या सांगतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची, असंही जुनी माणसं सांगतात. कागद अपुरा पडावा तसं त्यांनी पंचमहाभूतांचा विचार सांगणारं 'पंचीकरण' एका पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. त्या लांबच लांब कापडावर ओव्या आहेत, मध्येमध्ये आकृत्या काढून विषय समजावलाय. मी मुलांना शिकवताना नेहमी म्हणायचे, चारशे वर्षांपूर्वीच्या शिक्षकाचा हा फळा आहे. पासोडी कुणी येईल त्याच्यासाठी उलगडून ठेवलेली नसते, ते योग्यही नाही. जुनं कापड आहे. देवघरातल्या मंडळींशी आधी आदबीने बोला, दत्तजयंतीच्या सुमारास येत असाल तर तेव्हाचा उत्सवही तिथे अनुभवा.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र बाइकवर येणार आहोत. वेरूळ-अजिंठा पाहून झालंय. हत्तीखान्यात वेगळं काय आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

वेरूळ डोक्यात ठेवून येऊ नका. तिथली भव्यता इथे नाही. हत्तीखाना म्हणजे जोगाई मंडप, याला शिवलेणीही म्हणतात. जमिनीतला काळा खडक कोरत खाली गेलेत. मोकळं अंगण, मध्ये नंदीचा मंडप, आजूबाजूला दगडी हत्ती आणि मागे खांबांच्या रांगांचा मोठा सभामंडप. भिंतीवरच्या देवतांच्या मूर्ती बऱ्याच झिजल्यात.

आता कसं पाहायचं ते सांगते. भर दुपारी गेलात तर सपाट काळं दिसेल. सकाळी किंवा ऊन कलल्यावर जा, म्हणजे तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव उमटून दिसतात. हत्तीच्या पोटाला हात न लावता जवळून बघा. मग खांबांकडे जा आणि खांबाचा दगड वर छताच्या दगडाशी कुठे जोडलाय ते शोधा. सांधा सापडणार नाही, कारण तो बसवलेला खांबच नाही. आजूबाजूचा दगड काढून टाकला आणि खांब उरला. माझ्या वर्गातली मुलं हा सांधा शोधायला लागली की अर्धा तास हलत नसत. आत वटवाघळांचा वास येतो, पावसाळ्यात पाणीही साचतं, तेव्हा बूट घालून जा, मोबाइलच्या उजेडावर अवलंबून राहू नका, चांगली बॅटरी घ्या.

पोरांनो, एक विनंती. आमच्या लेण्यात खडूने, विटेच्या तुकड्याने, काही ठिकाणी खिळ्यानेही लिहिलेली नावं आहेत. तुमच्यातल्या एकानेही तसं करू नये आणि दुसरं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नये.

तिथून बाराखांबीला जा, म्हणजे सकलेश्वराचं मंदिर. इथला शिलालेख शके ११५०, म्हणजे इसवी सन १२२८ चा. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातला. नुसता काळ सांगून तुमच्या लक्षात राहायचा नाही, म्हणून त्या घराण्याची हकीकत सांगते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ इथे देऊळ बांधलं आणि तसा लेख शके ११६२, म्हणजे १२४० मध्ये कोरला गेला. पोवाडे सेनापतीचे होतात, पण आपल्या गावाच्या दगडावर एका बहिणीचं दुःख आणि तिचं कर्तृत्व आठशे वर्षं टिकलंय, याचा मला फार अभिमान वाटतो. बाराखांबीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलंय आणि जुन्या देवळांचे पाये उघडे पडलेत. त्यावर चढून फोटो काढू नका.

बाइक आहेच, तर दुसऱ्या दिवशी धर्मापुरीला जा. परळी तालुक्यातलं गाव, तासाभराच्या आत पोचाल. तिथल्या केदारेश्वराच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांच्या कोरीव मूर्ती आहेत. एकेकीपुढे थांबा आणि हातात काय धरलंय ते बघा. गर्दी जवळपास नसतेच.

प्रश्न : मी मराठीचा शिक्षक. मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातले? समाधीस्थान पाहण्यासारखं आहे का? (सोलापूर)

सर, वाद तुम्हाला माहीत आहेच. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'तला शके १११० हा काळ धरला तर तो ग्रंथ ११८८ चा ठरतो, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. या शकाबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही. ग्रंथातली अंबानगरी म्हणजे वैनगंगेच्या काठचं अंभोरा, असं विदर्भातले अभ्यासक मानतात आणि त्यांची बाजू कच्ची नाही. मी इथली आहे म्हणून निकाल आमच्या बाजूने लावणार नाही. पण मुकुंदराजांची समाधी म्हणून या जागेला इथल्या माणसांनी शेकडो वर्षं दिवा लावला, हे तर खरंच आहे. मला तेवढं पुरतं.

जागा गावाबाहेर, डोंगराच्या कपारीत. वरून पाहिलं तर खाली दरी, झाडी, आणि पायऱ्या उतरत जाताना हवा बदलते. पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळतं. मोर आहेत, सकाळी लवकर गेलात तर ओरडणं ऐकू येतंच. तुम्ही विद्यार्थ्यांना घेऊन या आणि खाली बसून 'विवेकसिंधु'च्या चार ओव्या मोठ्याने वाचायला लावा. परीक्षेपुरतं नाव पाठ केलेल्या मुलांना तिथे पहिल्यांदा कळतं, की हा कुणी खराखुरा माणूस होता आणि गुरूसमोर बसावं तसा समजावून सांगत होता.

तुमच्या मुलांना आणखी एक सांगा. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. घोडदळाची छावणी होती. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली हिप्परग्याहून इथल्या शाळेत आले आणि मुख्याध्यापक झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरण्याआधीची त्यांची वर्षं इथल्या मुलांना शिकवण्यात गेली. गावातलं वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाचं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला आलात तर सकाळी एखाद्या शाळेच्या झेंडावंदनाला उभे राहा.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा देवळांत कंटाळतो. त्याच्यासाठी काही? (लातूर)

बुट्टेनाथाची दरी. महादेवाचं ठिकाण, पाऊस झाला की धबधबा, चढउतार, माकडं. भाद्रपदानंतर न्या. ऐन पावसात शेवाळलेल्या काळ्या दगडावरून मोठी माणसंही घसरतात. खाण्याची पिशवी मुलाच्या हातात देऊ नका, माकडं हिसकावतात. हत्तीखाना त्यालाही आवडेल, हत्ती आहेत म्हणून!

प्रश्न : जयंती नदीच्या घाटावर बसता येतं का? (छत्रपती संभाजीनगर)

येतं, पण वाईट वाटेल. या नदीच्या काठी हे सगळं गाव वसलं, देवीचं देऊळ तिच्याच काठी. आज गावाचं सांडपाणी तिच्यात जातं. हे लपवून मी तुम्हाला नदीकाठची संध्याकाळ सुचवणार नाही. चांगला पाऊस होऊन पाणी वाहतं झालं की चार दिवस ती नदीसारखी दिसते.

प्रश्न : यायचं कसं, राहायचं कुठे, आणि कधी आलो तर खायला काय मिळेल? (तिघांचे प्रश्न एकत्र)

रेल्वेने परळी किंवा लातूर, पुढे एसटी. परळीहून पंचवीस किलोमीटर, लातूरहून साधारण साठ. राहायला साधी लॉज आहेत, चैनीची अपेक्षा ठेवू नका. उन्हाळ्यात येऊ नका. एप्रिल-मेमध्ये दगड तापतो आणि पाणीटंचाई आमचीच असते, त्यात पाहुण्यांची भर नको.

खाण्यासाठी यायचं तर दोन वेळा सांगते. पहिली पौषाच्या आसपास. तेव्हा ज्वारी हुरड्यात येते. शेतात आगटी पेटवून कणसं भाजतात, गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढतात. सोबत तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. ओळखीचं शेत नसेल तर गावात विचारा, कुणी ना कुणी बोलावतंच. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूरला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात वेळ अमावस्या असते, येळवस म्हणतो आम्ही. त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली. कडब्याची खोप, त्यात पांडवांची पूजा, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. ओली तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या बेसनात शिजवलेली दाटसर भाजी, बाजरीच्या उंड्यासोबत खायची. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी हॉटेल शोधत फिरू नका, दुकानं बंद असतात. कुणी हाक मारली तर संकोच न करता जा.

दुसरी वेळ दसरा-दिवाळीची, सीताफळांची. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ आकाराने लहान, बिया जास्त, पण गोडीला तोड नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. धारूर घाटाच्या रस्त्याला बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडूनच घ्या. त्या पहाटे डोंगरात जाऊन तोडून आणतात, दरात घासाघीस करू नका. फळ हातात घेऊन डोळे बघा. दोन डोळ्यांमधली खाच रुंद होऊन पांढरट-पिवळी दिसायला लागली की ते दोन दिवसांत पिकणार. सगळं हिरवं आणि घट्ट मिटलेलं फळ कितीही मोठं असलं तरी घेऊ नका, ते पिकत नाही, काळं पडतं. पुण्या-मुंबईला न्यायची असतील तर पिकलेली वर आणि कडक खाली, मध्ये वाळलं गवत किंवा जुना पेपर. घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये न ठेवता टोपलीत मोकळी ठेवा आणि रोज सकाळी हलकेच दाबून बघा, नरम लागेल ते त्याच दिवशी खा.