सेप्टिक टाकी बांधण्यापूर्वी

सेप्टिक टाकीत मैला नाहीसा होतो, हा समज आपण आधी सोडावा. जड गाळ तळाशी बसून हळूहळू कुजतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी तेवढे शोषखड्ड्याकडे जाते. म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) बसवून तिचे खालचे तोंड त्या थराच्या बरेच खाली राहील, हे गवंड्याजवळ स्वतः उभे राहून करून घ्यावे. कोकणात जांभ्याच्या भेगांतून हे पाणी झपाट्याने विहिरीला मिळू शकते, तेव्हा शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगालाच हवा. फिनेल व अ‍ॅसिड बेताने वापरावे, कारण गाळ कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. दोन-तीन वर्षांनी गाळ टँकरनेच उपसून घ्यावा. आत विषारी वायू साचलेला असतो आणि सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणे हाताने मैलासफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.