वाचकांचे प्रश्न : स्वतःची यॉट, स्वतःच तांडेल

प्रश्न : मी यंत्र अभियंता आहे आणि नुकताच निवृत्त झालो आहे. ५२ फूट लांबीची, प्रत्येकी ६०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने असलेली एक वापरलेली मोटर यॉट मला योग्य किमतीत मिळत आहे. ती मांडव्याजवळ ठेवायची आणि पगारी खलाशी न ठेवता मी व पत्नी अशा दोघांनीच रत्नागिरी-मालवणपर्यंत फिरायचे, असा आमचा बेत आहे. विक्रेत्याच्या मते बो थ्रस्टर (बोटीचे पुढचे टोक आडवे ढकलणारा छोटा पंखा) असल्यामुळे एकटा माणूसही ती धक्क्याला लावू शकतो. हे कितपत व्यवहार्य आहे, आणि वर्षाचा खर्च किती धरावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेता खोटे बोलत नाही, मात्र या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सोपी गोष्ट तेवढी त्याने आपल्याला सांगितली आहे. दोन इंजिने असतील तर एक पुढे आणि एक मागे चालवून बोट जागच्या जागी वळवता येते, आणि थ्रस्टर त्यात भर घालतो. अडचण आहे ती धक्क्याची. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक जेट्ट्या प्रवासी लाँच आणि मच्छीमार नौका यांच्यासाठी बांधलेल्या आहेत. धक्क्यावर वीज-पाण्याची जोडणी आहे आणि तरंगत्या फळीवरून चालत बोटीवर जाता येते, अशी परदेशी छायाचित्रांतील सोय कोकणात जागोजागी मिळेल असे धरून चालू नये. आपला बराचसा मुक्काम नांगरावर होणार आहे, आणि त्याचे गणित विक्रेत्याने सांगितलेले नाही.

ते गणित असे. उत्तर कोकणात उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. ओहोटीला तीन मीटर पाणी असलेल्या जागी आपण नांगर टाकला, तर भरतीला तेथे सात मीटर पाणी असेल. त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) दीड मीटर उंची मिळवली की साडेआठ मीटर होतात, आणि साखळी त्याच्या किमान पाचपट, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस मीटर सोडावी लागते. साखळी ओहोटीच्या पाण्यावर मोजून सोडणाऱ्याची बोट मध्यरात्री भरतीबरोबर घसरू लागते. भरतीची वेळ काढण्याची तिथीच्या पाऊणपटीची पद्धत (अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता) अंदाजापुरती आजही उपयोगी आहे, पण खाडीच्या मुखावरील वाळूचा पट्टा ओलांडताना भरती-ओहोटीचा छापील तक्ताच पाहावा. अशा मुखांत पावसाळ्यानंतर वाळू सरकलेली असते. त्यामुळे गेल्या वर्षीची वाट जीपीएसमध्ये साठवलेली असली, तरी आधी स्थानिक तांडेलाला (नौका चालवणाऱ्या जाणकाराला) विचारून मगच आत शिरावे.

आता इंजिनांकडे वळू. आपण यंत्र अभियंता आहात हे या बेतातील सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि माझा होकार बव्हंशी त्यावरच अवलंबून आहे. बोट चालवणे काही महिन्यांत शिकता येते. इंजिनाच्या खोलीत ओणवे बसून घाम गाळण्याची तयारी मात्र मुळातच असावी लागते. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी गाळणी रोज सकाळी उघडून पाहावी. मुंबई बंदराच्या परिसरात तीत प्लास्टिकच्या पिशव्या सापडतात. त्यापुढच्या पंपात रबरी पात्यांचे चक्र असते. ते दरवर्षी बदलावे, आणि काढलेल्या चक्राची पाती मोजावीत. एखादे पाते तुटलेले दिसले, तर नवे चक्र बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पुढे उष्णता-विनिमयकाच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो. तो शोधून काढला नाही, तर पुढच्या लांबच्या फेरीत इंजिन तापते आणि कारण सापडत नाही. इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूला वाकून दोन्ही नळ्यांतून धुराबरोबर भरपूर पाणी पडते आहे ना, हे पाहणे ही माझ्या मते मालकाने अंगी बाणवण्याची पहिली सवय आहे. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचले की त्यात सूक्ष्मजीव वाढून काळसर चिकट गाळ तयार होतो. बोट उभी असताना तो शांत बसलेला असतो, आणि लाटांत टाकी ढवळली की फिल्टर तुंबवतो. म्हणजे इंजिन नेमके खवळलेल्या समुद्रात बंद पडते. सौद्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून तळ, झिंकचे अ‍ॅनोड (बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे), तळाचे सर्व व्हॉल्व्ह आणि पंख्याचे (प्रोपेलरचे) दांडे यांची स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी, आणि इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. विक्रेत्याने सुचवलेला सर्वेक्षक घेऊ नये, हे सांगायला नकोच.

खर्चासाठी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल हा ढोबळ आडाखा जगभर वापरतात. यात फसगत होते ती ‘किंमत’ कोणती धरायची याबाबत. वापरलेली बोट निम्म्या किमतीत मिळाली, तरी तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. म्हणून टक्केवारी तशाच नव्या बोटीच्या किमतीवर काढावी. इंधनाचा हिशेब आपण स्वतःही करू शकता. डिझेल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.२ लिटर इंधन लागते. दोन्ही इंजिने ऐंशी टक्के शक्तीवर चालवून २२ नॉट वेग मिळाला, तर तासाला १९० लिटर आणि मांडवा ते रत्नागिरी या सुमारे ११० सागरी मैलांना ९५० लिटर होतात. तीच बोट ८ नॉटने नेली, तर तासाला तीसएक लिटर धरून चारशे-सव्वाचारशे लिटरमध्ये काम भागते. मात्र चौदा तास लागतात, म्हणून वाटेत दिघी किंवा दाभोळ येथे मुक्काम करावा. आपल्याला घाई नाही, तेव्हा मी हाच मार्ग सुचवेन. पहाटे निघावे, कारण दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे जोर धरतात. जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर येतात. म्हणून परतीला एक दिवस जास्त ठेवावा.

रात्रीचा प्रवास दोघांनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रायगडच्या किनाऱ्याजवळ डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रात रोवलेले खुंट असतात, पुढे तरंगत्या जाळ्यांच्या रांगा लागतात, आणि लहान होड्यांवर दिवा असेलच असे नाही. जाळे पंख्यात गुंतले, तर दोष बहुधा आपलाच असतो : जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला मोटर बोटीने वाट द्यावी, असे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. आपली बोट महाग आहे म्हणून ट्रॉलरने बाजूला व्हावे, अशी अपेक्षा करणारे काही मालक मी पाहिले आहेत. त्यांना हे नियम कोणीतरी वाचून दाखवायला हवेत. नोंदणी आणि चालकाचा परवाना यांविषयी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे लेखी चौकशी करावी, आणि विम्याच्या करारात मालकाने स्वतः बोट चालवण्यास मुभा आहे का, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. पहिला हंगाम किनारा ओळखणारा एक तांडेल पगारी ठेवावा. पत्नीनेही केवळ दोर पकडण्यापुरते न शिकता बोट वळवून परत आणणे, रेडिओच्या १६व्या चॅनलवर मदत मागणे आणि नांगर टाकणे शिकून घ्यावे. पाण्यात पडणारी व्यक्ती आपणही असू शकता.

प्रश्न : माझी ४० फुटी मोटर बोट आहे. पावसाळ्यात ती खाडीत आत नेऊन नांगरून ठेवली तर चालेल का? मच्छीमार आपल्या नौका ओढून घेतात, त्याच जागी ओढून ठेवणे बरे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खाडीत ठेवण्यास माझा विरोध आहे. लाटांपासून आडोसा मिळतो हे खरे, परंतु नदीला पूर आला की ओंडके आणि झाडे वाहत येतात. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीने काय केले, ते चिपळूणकरांना विचारावे. शिवाय डेकच्या फटींतून झिरपणारे पावसाचे पाणी तळात साचते, ते उपसणारा पंप बॅटरीवर चालतो, आणि महिनाभर ऊन नसेल तर सौर पॅनेलही ती बॅटरी भरू शकत नाही.

ओढून ठेवणे योग्य, पण मच्छीमारांच्या पद्धतीने नव्हे. त्यांच्या लाकडी नौकेचा कणा तिचे सारे वजन पेलतो. आपल्या फायबरच्या बोटीचे पंखे आणि सुकाणूची पाती तळाखाली उघडी असतात, म्हणून तिच्या तळाच्या मापाचा पाळणा बनवून आतल्या आडव्या भिंतींच्या खालीच आधार द्यावेत. शाकारताना प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये. दोन्ही टोकांना वारा खेळता ठेवावा आणि आतील कपाटे उघडी ठेवावीत, अन्यथा गणपतीपर्यंत गाद्यांना बुरशी येते. इंजिने गोड्या पाण्याने धुऊन, तेल बदलून ठेवावीत. वापरलेले तेल तसेच राहू दिले तर त्यातील आम्ल धातू खाते.

बोट १० मेपर्यंत बाहेर काढावी. १ जूनच्या मासेमारी बंदीची वाट पाहू नये. तौक्ते चक्रीवादळ २०२१मध्ये मेच्या मध्यालाच किनाऱ्यालगत आले होते. तसेच दिवाळी झाली म्हणजे समुद्र निवळला असे समजू नये. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले, हे रत्नागिरीच्या वाचकाला मी नव्याने सांगायला नको.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या वापरलेल्या यॉटवर आधीच्या मालकाचा सॅटेलाइट फोन आहे. तो वापरू का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : वापरू नये, बोटीवर ठेवूही नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन बाळगणे आपल्याकडे गुन्हा ठरतो आणि त्यावरून अटकही झालेली आहे. परवाना असलेला व्हीएचएफ (नौकांवरील संभाषणाचा) रेडिओ बसवावा, आणि मोबाइलला रेंज असेल तेथे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवावा.