‘जोपासणे’ म्हणजे नेमकं काय? वाढवणे, पोसणे, जपणे यांहून ते वेगळं कुठे पडतं?

तुमचा प्रश्न असा: ‘जोपासणे’चा अर्थ काय, समानार्थी शब्द कोणते, आणि नेरुळच्या तुमच्या सोसायटीत बागेच्या फलकावर ‘रहिवाशांनी वाढवलेली बाग’ लिहावं की ‘जोपासलेली बाग’? फलकापुरतं सांगायचं तर ‘जोपासलेली’ लिहा. त्याच्या खालची ओळ, ‘इथे टोमॅटो, मिरच्या उगवल्या जातात’, मात्र बदलायलाच हवी. ती का, ते पुढे येईल.

जोपासणे म्हणजे वाढू शकणारी गोष्ट आपुलकीनं, सातत्यानं सांभाळणं आणि तिला वाढू देणं. बाग, छंद, कला, मैत्री, परंपरा, वाचनाची आवड, मूल्यं ही त्याची नेहमीची कर्मं. शब्दकोशात त्याच्याभोवती वाढवणे, पोसणे, पाळणे, जपणे, सांभाळणे, संगोपन, संवर्धन, निगा राखणे असे बरेच शब्द सापडतील. पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य खटकतं, कारण मराठीत यातलं कोणतं क्रियापद घ्यायचं ते कर्म ठरवतं.

सगळ्यांत जास्त गल्लत ‘जपणे’शी होते. आजीची पैठणी आपण जपतो, जोपासत नाही. पैठणी वाढत नाही, ती फक्त विरू नये, फाटू नये एवढंच पाहायचं असतं. ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिराची वास्तू जपायची असते, पण गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ही परंपरा जोपासायची असते, कारण तिच्यात दरवर्षी नवी माणसं यावी लागतात. ‘वारसा’ दोन्हीकडे चालतो, फक्त अर्थ बदलतो: वारसा जपला म्हणजे हरवू दिला नाही, जोपासला म्हणजे पुढे चालता ठेवला. नात्याचंही तसंच.

‘पोसणे’ संस्कृत ‘पुष्’ धातूकडून आलं, तेव्हा त्यात खाऊ घालणं आणि खर्च उचलणं आलंच. ‘एकट्या पगारावर घर पोसलं’ यात आदर आहे, शेतकऱ्याला पोशिंदा म्हणतात त्यातही आहे. पण ‘गुंड पोसले’, ‘पांढरा हत्ती पोसतोय’ म्हटलं की सूर उलटतो. म्हणून फलकावर ‘पोसलेली बाग’ नको. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र याच क्रियापदाचा एक सुंदर अकर्मक वापर आहे: ‘कांदा चांगला पोसलाय’, ‘दाणा पोसला नाही’. इथे कोणी कोणाला खाऊ घालत नाही. कांदा, दाणा आतून भरत जातो.

‘पाळणे’ जनावरांसाठी: गाय, कुत्रा, कोंबड्या. शिवाय शब्द, वेळ, नियम, पथ्यही पाळतात. मूल ‘वाढवतात’, किंवा त्याचं ‘संगोपन करतात’. संगोपनाच्या मुळाशी ‘गुप्’ धातू आहे, म्हणजे राखणं. त्याचं ‘संगोपणे’ असं क्रियापद करू नका. मराठीत ते रुळलेलं नाही.

‘वाढवणे’ सगळ्यांत मोकळं, म्हणून सगळ्यांत निसरडं. मूल वाढवतात, भाडं वाढवतात, आवाज वाढवतात. त्यात माया असेलच असं नाही. शिवाय ते मोडण्यासाठीही येतं. पूजेत नारळ ‘वाढवतात’, हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात. शुभ वस्तूबाबत फुटणं-तुटणं तोंडातून काढायचं नाही, म्हणून उलट अर्थाचा शब्द घ्यायचा, अशी ती रीत. तुमच्या बागेचं उद्घाटन नारळ वाढवून होणार असेल, तर निमंत्रणात ‘वाढवणे’ दोन वेगळ्या अर्थांनी शेजारी शेजारी येणार नाही एवढं बघा.

आता ती टोमॅटोची ओळ. मराठीत ‘उगवणे’ अकर्मक आहे. सूर्य उगवतो, बी उगवतं, रान उगवतं; माणूस काही उगवत नाही. ‘आम्ही भाजी उगवली’ ही हिंदीतल्या ‘उगाना’ची छाया आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत दिवसभर दोन्ही भाषा कानावर असल्यानं ती नकळत शिरते. आपल्याकडे बी पेरतात, रोप लावतात, ते जगवतात, पीक घेतात. भाताची लावणी म्हणजे तेच: वाफ्यात तयार केलेली रोपं उपटून चिखलणी केलेल्या खाचरात पुन्हा लावायची.

मग ‘टोमॅटो पिकवले’? व्याकरण बिनचूक, पण अर्थ दोन. टोमॅटोचं पीक काढलं, किंवा हिरवे टोमॅटो ठेवून लाल केले. आंबा ‘पिकवला’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अढीच येते. भात, गहू यांच्याबाबत असा घोळ होत नाही. आणि मिठाबाबत तर ‘पिकवणे’ हाच खरा शब्द. ठाणे-उरण पट्ट्यातल्या मिठागरांत खाडीचं पाणी उथळ कोंड्यांत घेऊन उन्हानं आटवतात, पांढरा थर धरतो, आणि लोक म्हणतात, मीठ पिकलं. बी नाही, रोप नाही, तरी पीक. कष्ट, हंगाम आणि हाती येणारी रास, एवढ्यावर मराठी त्याला शेतीत बसवते.

‘संवर्धन’ सरकारी मराठीत फार दिसतं: पशुसंवर्धन, कोळंबी संवर्धन, खारफुटी संवर्धन. खारफुटीला ते शोभतं. तिला कोणी झारीनं पाणी घालत नाही. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर होत राहील आणि भराव पडणार नाही, हे पाहायचं असतं. तिथे ‘जोपासणे’ जरा घरगुती वाटतं. कुंडीतल्या तुळशीचं ‘संवर्धन’ मात्र जड होतं.

‘निगा’ फारसी ‘निगाह’वरून आली, म्हणजे नजर. हिरवळ, गुलाब, केस, आजारी माणूस यांची निगा राखतात; पंप आणि लिफ्टची देखभाल करतात. ‘खतपाणी घालणे’ झाडाला ठीक, पण लाक्षणिक अर्थानं ते जवळजवळ नेहमी वाईटासाठीच येतं: अफवांना, भांडणाला. ‘मुलांच्या कलागुणांना खतपाणी घातलं’ असं अहवालात लिहू नका. तिथे ‘कलागुण जोपासले’ हवं.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. क्रियापद ‘जोपासणे’, पण नाम ‘जोपासना’, शेवटी ‘न’; ‘जोपासणा’ चूक. आणि क्रियापद सकर्मक असल्यानं भूतकाळात ते कर्माप्रमाणे बदलतं: छंद जोपासला, बाग जोपासली, झाडं जोपासली. ‘झाडांना जोपासलं’पेक्षा ‘झाडं जोपासली’ कानाला सरळ लागतं.

तुमचा फलक मी असा लिहीन:

‘ही बाग रहिवाशांनी लावली आणि जोपासली आहे. इथे टोमॅटो, मिरच्या आणि पालेभाज्या लावल्या आहेत. कृपया तोडू नयेत.’