चार्ट पाठ होता, वाक्य येत नव्हतं

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडचं गाव, तलाठी भरतीची तयारी, इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा (गो-वेन्ट-गॉन, म्हणजे व्ही वन-व्ही टू-व्ही थ्री) चार्ट तोंडपाठ, तरी टेस्टमध्ये ‘डिड नॉट वेन्ट’वर खूण केली आणि फळ्यावर ‘मोअर बेटर’ लिहिलं म्हणून वर्ग हसला. आता विचारता की चार्ट आणखी मोठा घेऊ का.

नका घेऊ. मी घेतला होता, त्यात माझं एक वर्ष गेलं.

आधी सांगते, मी इंग्रजीची शिक्षिका नाही, सरकारी कार्यालयात लिपिक आहे. माझं गाव दारव्ह्याच्या बाजूला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आम्ही त्याच्या आधीचे, आमची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू झाली. त्यामुळे मला जे लागू पडलं ते सगळ्यांना पडेलच असं म्हणत नाही.

काळ किती, क्रियापद म्हणजे काय, हे तुम्हाला येतं, ते सोडते. माझं चुकलं ते पुढे. मी ज्या क्लासला जायची (नाव लिहीत नाही), तिथे पहिल्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला. दीडशे क्रियापदं, तीन रकाने, शेजारी मराठी अर्थ, वाक्य एकही नाही. सर रोज उभं करून रकाने म्हणायला लावत. एसटीत जाता-येता मी तेच घोकायची. परीक्षेत आलं, ‘ही डिड नॉट डॅश टू द मार्केट यस्टरडे’. यस्टरडे दिसलं, भूतकाळ म्हणजे व्ही टू, मी ‘वेन्ट’वर खूण केली. तशाच चार प्रश्नांत गुण गेले आणि यादीत नाव आलं नाही.

खरी चूक मी त्यानंतर केली. मला वाटलं, पाठांतर कमी पडलं. बाबांनी कापसाच्या पैशातून पुन्हा फी भरली, त्याच क्लासची दुसरी बॅच, आता तीनशे क्रियापदांचा चार्ट. त्यात ‘कट-कटेड-कटेड’ छापलं होतं. ‘कट’ तिन्ही रूपांत ‘कट’च राहतं, जसं पुट, शट, हर्ट. मी शब्दकोश घेऊन दाखवायला गेले तर उत्तर मिळालं, “इतक्या पोरांना चालते, तुलेच कसं चालत नाही?” पुढच्या बॅचलाही तेच पान वाटलं. आजही आठवलं की राग येतो. गावाकडची लेकरं पोटाला चिमटा घेऊन फी भरतात, त्यांना निदान छापलेलं तरी बरोबर द्या ना!

आता ‘डिड’चं. आपण मराठीत ‘तो गेला नाही’ म्हणतो, भूतकाळ ‘गेला’तच असतो, म्हणून हात आपोआप ‘वेन्ट’कडे जातो. पण ‘तो जाऊ शकला नाही’ हे वाक्य बघा. इथे भूतकाळ ‘शकला’ने उचलला, ‘जाऊ’ला त्याचं काही नाही. इंग्रजीत ‘डिड’ तेच करतो. तो स्वतःच ‘डू’चा व्ही टू आहे, म्हणून पुढे साधा ‘गो’. ‘डिड ही गो?’लाही तेच. आणि हॅव, हॅज, हॅडनंतर व्ही थ्री, ‘हॅज गॉन’. माझा भाचा लहानपणी ‘मी करलं’ म्हणायचा. ‘केलं’ त्याला ऐकून ऐकून आलं, चार्टवरून नाही.

वऱ्हाडी बोलता म्हणून लाजू नका. शाळेत आम्हाला ‘नीट बोला’ म्हणून दटावत, पण ‘मी रोज जेवतो’ आणि ‘मी जेवून रायलो’ यातला फरक आपल्या बोलीत लख्ख आहे. ‘रायलो’ आलं की ‘ॲम ईटिंग’. ‘बस आली तवा तो निघून गेल्ता’ म्हटलं की ‘हॅड लेफ्ट’. मी वाक्य आधी वऱ्हाडीत म्हणते, मग इंग्रजीत. दर वेळी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण सुरुवातीला मोठा आधार होतो.

‘मोअर बेटर’ कुठून येतं तेही बघा. ‘रामपेक्षा शाम उंच’ यात ‘उंच’ बदलत नाही, सगळं काम ‘पेक्षा’ करतो. वरून आपण ‘जास्त चांगला’ म्हणतो, त्यातला ‘जास्त’ इंग्रजीत ‘मोअर’ होऊन घुसतो. इंग्रजीत विशेषणच बदलतं, टॉलर, बेटर. ते बदललं की ‘मोअर’ला जागा उरत नाही. ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब शब्दाला ‘मोअर’ लागतो, कारण तिथे ‘-अर’ लावत नाहीत. ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ यांतला ‘इष्ठ’ (म्हणजे ‘सर्वांत’) आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ मुळात एकाच घरातले. हे कळल्यावर ‘मोस्ट टॉलेस्ट’ लिहायची माझी सवय सुटली. आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, तिथे मराठीला चालतं, इंग्रजीला नाही.

डिग्री (टॉल-टॉलर-टॉलेस्ट ही तुलनेची रूपं) बदलताना ‘अदर’ विसरू नका. ‘चंद्रपूर इज हॉटर दॅन एनी अदर सिटी इन महाराष्ट्र’. ‘अदर’ काढलं तर चंद्रपूर स्वतःपेक्षाच गरम ठरतं. तेच ‘एनी सिटी इन केरळ’ असेल तर ‘अदर’ नको, कारण चंद्रपूर त्या यादीतच नाही. आणि सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’. आमच्या झेरॉक्सात हे नव्हतं.

मला डिग्री नीट समजली ती वावरात. वेचणीच्या संध्याकाळी काट्यावर गाठोडी लटकत होती. आईचं ३८ किलो, काकूचं ४२, शेजारच्या मावशीचं ५१. वहीत वजन लिहिता लिहिता मी पुटपुटले, काकू पिक्ड मोअर कॉटन दॅन आई, मावशी पिक्ड द मोस्ट. समोर तीन गाठोडी होती, त्यामुळे रकाना आठवायची गरज पडली नाही. तेव्हापासून रोज पाच वाक्यं, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर.

पैसे घालायचे नसतील तर बालभारतीची पाचवी ते आठवीची इंग्रजी पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात. तलाठीच्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण असतात, तरी तुमची जाहिरात आली की नमुना त्यातच तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका. क्लास लावायचाच असेल तर एक दिवस फुकट बसू द्या म्हणा. सर वाक्यं लिहून घेऊन तपासतात का, तेवढं बघा.

उद्या तुमच्या वावरातली पाच वाक्यं इथेच टाका, दोन ‘डिड’ची आणि तीन पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) उंचीवर. मी रात्री नऊनंतर पाहते.