कंट्रोलमधलं चाक आणि नियंत्रणातला लगाम

प्रश्न असा आला आहे: "फ्रान्समधल्या विमानवाहतुकीच्या नव्या यंत्रणेवर मराठीत लेख लिहितो आहे. जुन्या मजकुरात 'एअर ट्रॅफिक कंट्रोल' दिसतं, नव्यात सगळीकडे 'एअर ट्रॅफिक मॅनेजमेंट'. मग 'हवाई वाहतूक नियंत्रण' काढून 'व्यवस्थापन' लिहू का? आणि देशोदेशीच्या आकाशाचा कारभार एका नियमांत आणायची युरोपीय संघाची 'सिंगल युरोपियन स्काय' योजना आहे, तिला 'एकल युरोपीय आकाश' चालेल का?"

पहिल्याचं उत्तर: काढू नका. नियंत्रण गेलेलं नाही, ते व्यवस्थापनाच्या पोटात आहे. आकाशाची वाटणी कशी करायची, कोणत्या तासाला कुठे किती विमानं सोडायची आणि उडत्या विमानांना प्रत्यक्ष सूचना काय द्यायच्या, हे सगळं मिळून व्यवस्थापन. त्यातलं शेवटचं काम नियंत्रणाचं. फक्त 'एटीएम' असं लघुरूप करू नका, वाचक पैसे काढायला जातील.

आणि हात जोडून सांगतो, 'टॉवर' हा शब्द आवरा. विमान कुठेही असो, आपल्या बातम्यांत ते 'टॉवर'शीच बोलत असतं. टॉवर धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बघतो. विमान उंच गेलं की ते दूरच्या केंद्राच्या ताब्यात जातं. फ्रान्समध्ये अशी पाच केंद्रं आहेत: पॅरिसजवळ आतिस-मोंस, रँस, एक्स-आँ-प्रोव्हाँस, बोर्दो आणि ब्रेस्त. तिथे बसलेल्यांना विमान डोळ्यांनी दिसत नाही, पडद्यावरचा ठिपका दिसतो.

आता मुळावर येतो, कारण माझं भांडण 'नियंत्रण' या शब्दाशीच आहे आणि ते जुनं आहे. यम् म्हणजे आवरणं, रोखून धरणं. संयम, नियम, यंत्र ही त्याचीच पोरं. संस्कृतात यंता, नियंता म्हणजे सारथी, हत्तीवरचा माहूतसुद्धा. ज्याच्या हाती लगाम किंवा अंकुश, तो. मग सांगा, पॅरिसवरून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जाणाऱ्या विमानाचा लगाम कोणाच्या हाती असतो? वैमानिकाच्या. खाली बसलेला माणूस ऐकतो, बोलतो, लिहितो आणि ताडून पाहतो. मुळाशी इमान राखायचं तर नियंत्रक ठरतो वैमानिक, आणि खालच्याला आपण दुसऱ्याचं नाव देऊन बसलो आहोत.

'कंट्रोल'चं माहेर वहीखात्याचं आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कोंट्रारोटुलस' असा शब्द होता. कोंट्रा म्हणजे समोरची, रोटुलस म्हणजे चर्मपत्राची गुंडाळी. हिशेबाची एक गुंडाळी पैसे सांभाळणाऱ्याकडे, तिची जोड दुसऱ्याकडे. दोन्ही समोरासमोर उलगडायच्या आणि ओळीला ओळ ताडायची. फ्रेंचांनी त्याचं 'कोंत्र-रोल' केलं, इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचललं, आणि हुकूम चालवण्याचा अर्थ मागाहून चिकटला. आता गंमत बघा. रोटुलस म्हणजे मुळात छोटं चाक, 'रोटा' म्हणजे चाक, आणि या रोटाचा सख्खा चुलतभाऊ आपला रथ! शाळेतला रोल नंबर आणि नाटकातला रोल त्याच गुंडाळीतले. म्हणजे कंट्रोलमध्ये चाक, नियंत्रणात लगाम. दोन शब्द एकाच रथाला जुंपलेले, पण एकाचं भाषांतर दुसरा होऊ शकत नाही.

मागे एका सदरकार विद्वानांनी 'कंट्रोल म्हणजे उलट लोळणाऱ्याला आवरणं' असं ठोकून दिलं होतं. का, तर इंग्रजीत रोल म्हणजे लोळणं! कोशाचं पान उलटायचे कष्ट घेतले असते तर स्वतः लोळावं लागलं नसतं. दुसरे एक जण इंग्रजी 'कॉम्प्ट्रोलर'मधला 'प' दाखवून मूळ हिशेबवाचक 'कोंत'मध्ये आहे म्हणतात. तो 'प' लेखनिकांनी फ्रेंच 'कोंत'शी नातं आहे अशा गैरसमजातून घुसडला. मूळ इंग्रजी उच्चारात तो कधी नव्हताच. आपल्या घटनेच्या इंग्रजी प्रतीतही तो तसाच बसला आहे, आणि मराठीत त्या पदाला आपण 'नियंत्रक व महालेखापरीक्षक' म्हणतो. जो माणूस आयुष्यभर हिशेब ताडतो, त्याच्या हाती लगाम कशाला?

फ्रेंच लोक मूळ अर्थ अजून विसरलेले नाहीत. त्यांच्याकडे गाडीतला तिकीट तपासनीस 'कोंत्रोलर', शाळेतली चाचणी 'कोंत्रोल', मोटारीची ठरावीक मुदतीची तपासणीही 'कोंत्रोल'. विमानांवर नजर ठेवणाराही 'कोंत्रोलर'च. बोलीत मात्र त्याला 'आकाशातला सांधेवाला' म्हणतात, रेल्वेचे सांधे बदलणारा. हे मला फार आवडतं, पण विषय लांबेल.

तसे आपणही विसरलो नव्हतो. लहानपणी आजी मला 'कंट्रोलच्या दुकानात' पिटाळायची. साखर आली रे, जा. दुकानदार रेशनकार्डावर नोंद करायचा, मग तीच नोंद आपल्या वहीत, आणि दोन्हीवर बोट ठेवून एकदा पुटपुटायचा. एक कागद माझ्या हाती, दुसरा त्याच्या, आणि मध्ये ताडणारं बोट. हाच तो कोंट्रारोटुलस!

आणि हेच बोट विमानांच्या केंद्रात होतं. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी छापून यायची, तिला 'स्ट्रिप' म्हणतात. प्लास्टिकच्या खाचेत बसवलेल्या त्या पट्टीवर विमानाचं हाकेचं नाव, प्रकार, उंची, कोणत्या खुणेवरून किती वाजता जाणार ते. वैमानिकाला उंची बदलायला सांगितली की जुना आकडा खोडून नवा हाताने लिहायचा. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो, ती पट्टीवरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. शिवाय फ्रान्समध्ये आकाशाच्या एका टापूवर दोघे बसतात. एक रडार बघून विमानांशी बोलतो, दुसरा येणाऱ्या विमानांची आधीच जुळवाजुळव करतो आणि शेजारच्या टापूशी बोलणी करतो.

पट्टीला मी 'फर्द' म्हणतो. फर्द म्हणजे सुटा कागद, यादी. फडणीसांच्या नावात तीच फर्द आहे, फर्द-नवीस. 'फड म्हणजे कचेरी, तिथला लेखनिक तो फडणीस' असं सांगणारेही आहेत. सांगोत बापडे. आणि ताडून पाहणारा? तो मुजुमदार. शिवकाळात अमात्याचं हेच जुनं नाव, जमाखर्च तपासून पाहणं हे त्याचं काम. तेव्हा माझ्या मते एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणजे हवाई मुजुमदार. हसा. पण लेखात 'नियंत्रक' लिहिताना हा मुजुमदार डोळ्यांसमोर ठेवलात तर वाक्यं आपोआप बरोबर येतील: तो विमान 'वळवत' नाही, वळायला सांगतो.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर १ जुलै २००२ ची रात्र आठवा. जर्मनीतल्या युबरलिंगनवर एक रशियन टुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग आदळली, ७१ माणसं गेली. जमीन जर्मनीची, पण तिथलं आकाश सांभाळत होतं स्वित्झर्लंडमधलं झुरिकचं केंद्र. पाळीवरच्या दोघांपैकी एक जण विश्रांतीला गेलेला, मुख्य यंत्रणा दुरुस्तीमुळे अर्धवट चालू, फोनही धड नाही. कार्ल्सरूहेतल्या जर्मन केंद्राला धोका दिसत होता पण फोन लागेना. दुसरी वही, दुसरं बोट, शेजाऱ्याची हाक, काहीच जागेवर नव्हतं. खालच्या माणसाने टुपोलेव्हला उतरायला सांगितलं, विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र चढायला सांगत होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानालाही त्याच्या यंत्राने उतरायलाच सांगितलं होतं. त्यानंतर नियमांत स्पष्ट झालं की अशा क्षणी वैमानिकाने यंत्राचंच ऐकायचं, खालून काहीही सूचना येवो. लगाम कुठे आहे ते असं ठरलं.

तुमच्या लेखाच्या विषयाला हेच लागू आहे. फ्रान्सच्या केंद्रांतली जुनी 'कोत्रा' ही संगणक यंत्रणा साठच्या दशकातल्या मुळांवर वाढत गेलेली; शेजाऱ्यांनी कागद सोडला तरी तिथल्या काही केंद्रांत पट्ट्या छापल्या जातच होत्या. तिच्या जागी 'फोर-फ्लाइट' आली, थालेस कंपनीने बनवलेली. २०२२ मध्ये रँस आणि एक्समध्ये ती सुरू झाली, मग आतिस-मोंसला. पट्टी गेली, तिच्यावरचा मजकूर पडद्यावर ठिपक्याशेजारी आला. विमानाने स्वतःच्या यंत्रात कोणती उंची लावली आहे हे आता खाली दिसतं. दिलेल्या सूचनेशी ती जुळत नसेल तर पडदा खूण करतो. म्हणजे समोरची गुंडाळी आता यंत्र धरतं. आधुनिकीकरणात कंट्रोल कमी झालं, असं कोणी लिहिलं तर त्यांना रोटुलस दाखवा.

'सिंगल युरोपियन स्काय'मधल्या आकाशाचं राहिलंच. 'एकल' नको. एकल पालक, एकल महिला आहेत तेवढे पुरेत, आकाशाला कशाला एकटं पाडता? 'सामाईक'ही फसवं आहे. सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीत प्रत्येक भावाचा हिस्सा असतो. इथे तसं नाही: १९४४ च्या शिकागो करारानुसार आपापल्या भूमीवरचं आकाश पूर्णपणे ज्याचं त्याचं. १९६० मध्ये युरोकंट्रोलचा, म्हणजे आकाश मिळून सांभाळायला काही देशांनी काढलेल्या संस्थेचा, करार झाला तेव्हाही फ्रान्स आणि ब्रिटन आपलं वरचं आकाश सोडायला तयार नव्हते. तिच्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या केंद्राकडे आज बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीचं २४,५०० फुटांवरचं आकाश आहे, फ्रान्सचं नाही. एक आकाशाचे पहिले नियम २००४ चे, त्यांची सुधारित आवृत्ती घासाघीस होऊन निघाली २०२४ मध्ये. विहीर ज्याची त्याची, गर्दी झाली की पाण्याची पाळी मात्र ब्रुसेल्समधल्या युरोकंट्रोलकडून लागते, असा प्रकार.

फ्रेंच 'एकच आकाश' म्हणतात, जर्मनांनी आकाश टाळून 'एकसंध हवाई क्षेत्र' केलं. मथळ्यात 'युरोपचं एक आकाश' लिहा, मजकुरात 'एकसंध युरोपीय हवाई क्षेत्र'. आणि टॉवर लिहू नका.