कैगात पाचवं-सहावं युनिट एकदम का उभारत नाहीत?

कर्नाटकात कारवारजवळच्या कैगाला चार अणुभट्ट्या (युनिटं) आहेत, मग पुढच्या दोन एकदमच का उरकत नाहीत, आणि आपल्या खानापूरकडच्या पोरांना तिथं काम मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी खानापूरचाच. तिसऱ्या-चौथ्या युनिटच्या वेळी ठेकेदाराच्या काँक्रीट लॅबमध्ये होतो. रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरला की कद्रा, तिथून पुढं साइट.

रिॲक्टरच्या इमारतीचं काँक्रीट म्हणजे बंगल्याचा स्लॅब नव्हे. जाड राफ्ट, म्हणजे पायाचा सलग थर, ओतला की सिमेंट आतून तापतं; आत गरम आणि वर गार झालं की तडे जातात. म्हणून मिक्समध्ये बर्फ घालायचा. काँक्रीटची गाडी आली की आधी थर्मामीटर खुपसायचा, स्लम्प (काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते) बघायचा, ताकद तपासायला क्यूब, म्हणजे ठोकळे, भरायचे. आकडा बसला नाही की गाडी परत, मग ठेकेदाराचा सुपरवायझर कितीही ओरडू दे. त्यात घाटाचा पाऊस. हे दोन इमारतींवर एकाच दिवशी करायचं तर सगळंच दुप्पट लागतं, आणि तपासणारी माणसं तर आणायची कुठून? म्हणून एका युनिटचा राफ्ट झाला की तीच टोळी शेजारी सरकते.

दुसरं कारण अणुऊर्जा नियामक मंडळ. जागा, बांधकाम, चाचण्या, चालवणं, प्रत्येकाला वेगळी संमती. बांधकामातही खोदाई, पहिलं काँक्रीट आणि मोठी यंत्रं बसवणं असे थांबे आहेतच. इंधन भरल्यावरसुद्धा शक्ती थोडी थोडी वाढवत नेतात.

हे सगळं उगाच नाही. मे 1994 मध्ये पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचं काँक्रीट सुटून खाली आलं. भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं. डिझाइन पुन्हा तपासावं लागलं, आणि शेवटी दुसरं युनिट पहिल्याच्या आधी, 2000 च्या मार्चमध्ये व्यावसायिक उत्पादनात आलं. पहिलं त्याच नोव्हेंबरात. तिसरं 2007 ला, चौथं 2011 ला. चौथ्याला तर युरेनियमच्या टंचाईनं थांबवलं होतं, म्हणजे सगळं एकदम बांधलं असतं तरी भट्ट्या उपाशीच राहिल्या असत्या.

पण तुमच्या म्हणण्यातही दम आहे. जोडीतल्या दोन युनिटांत अंतर ठेवणं शहाणपणाचं. दोन जोड्यांत वर्षानुवर्षं खंड पडणं मात्र महागात पडतं. चौथं झालं आणि तयार फिटर, वेल्डर पांगले, कोण गोव्याला, कोण आखातात. 2017 मध्ये केंद्रानं प्रत्येकी 700 मेगावॅटच्या एकसारख्या दहा भट्ट्या एकत्र मंजूर केल्या, त्यात कैगाची पाचवी-सहावी आहे. एकाच डिझाइनची ऑर्डर एकगठ्ठा द्यायची, म्हणजे कारखान्यांना काम सलग मिळतं. कैगाच्या चार जुन्या मिळून 880 मेगावॅट, आणि या दोघींच्याच 1400.

आता पोरांचं. आधी सिव्हिलची कामं निघतात: बारबेंडिंग (सळ्या वाकवणं), शटरिंग (काँक्रीटचे साचे लावणं), क्रेन, लॅब. पायपिंग आणि वेल्डिंगची भरती त्यानंतर, आणि तिथं नुसती आयटीआय चालत नाही. वेल्डरची टेस्ट होते, जोडाचा एक्स-रे काढतात. पोरगा आत्ता आयटीआयला असेल तर टिग वेल्डिंगवर (टंगस्टनच्या कांडीनं, गॅसच्या आवरणात करतात ते) हात बसवू दे, त्याची पाळी येईपर्यंत वेळ आहे. ठेकेदाराच्या नावावर गावात पैसे मागत फिरणाऱ्या एजंटला मात्र एक रुपया देऊ नका.