गाडी बाजारातच आली नाही, मग बुकिंग रद्द कोणी केले?

प्रश्न : मी वरूड तालुक्यातील संत्रा उत्पादक आहे. नव्या पिकअप गाडीसाठी नागपूरच्या एका विक्रेत्याकडे ५१,००० रुपये भरले आणि जुनी गाडी १,४०,००० रुपयांना एक्स्चेंजमध्ये दिली. दसऱ्याला गाडी मिळणार होती. आता गुणवत्तेच्या चाचण्या बाकी असल्याचे सांगून कंपनीने मॉडेलच पुढे ढकलले आहे आणि विक्रेता बुकिंग रद्द केल्यास १०,००० रुपये कापणार म्हणतो. आंबिया बहाराचा माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागत आहे. कंपनीवर दावा करता येईल का?

उत्तर : गाडी उशिरा आणली एवढ्याच कारणावरून कंपनीला दोषी धरणे मला पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे नव्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावाच लागतो, आणि त्याउपर कंपनीला स्वतःला खोट दिसली तर तिने थांबावे हेच बरे. व्होल्वो कंपनीनेही २०२३ मध्ये ईएक्स९० या मोटारीचे उत्पादन सॉफ्टवेअरच्या कामासाठी लांबवले होते. मात्र कंपनीने थांबावे आणि पैसे तुमचे अडकावेत, याला कायद्यात आधार नाही.

तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या छापील मजकुरात ‘उपलब्धतेनुसार’ असे आहे, पण मागच्या बाजूस विक्रेत्याच्या माणसाने पेनाने ‘दसरा’ लिहून शिक्का मारला आहे. हा कागद जपून ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ खाली मुदत हाच कराराचा गाभा होता असे त्यावरून म्हणता येते. ते मान्य झाले नाही तरी कलम ४६ प्रमाणे वाजवी मुदतीत गाडी देणे बंधनकारक राहते. करार संपला की घेतलेला लाभ परत करावा लागतो, असे कलम ६५ सांगते. म्हणून विक्रेत्याने पुढे केलेल्या ‘वैयक्तिक कारणास्तव बुकिंग रद्द’ या छापील अर्जावर कृपया सही करू नका, कारण त्या दोन शब्दांनी दोष तुमच्याकडे येतो आणि कपातीला निमित्त मिळते. त्याऐवजी ‘ठरलेल्या मुदतीत गाडी न दिल्यामुळे’ पूर्ण रक्कम परत मागत आहे, असे पत्र विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवून १५ दिवसांची मुदत द्या.

मला अधिक काळजी जुन्या गाडीची वाटते. तिचे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, अजून तुमच्या नावावर आहे, आणि नोंदीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी मधील सूचना आरटीओला गेली आहे का, हे आजच विचारा. गेली नसेल आणि गाडी अजून विक्रेत्याच्याच आवारात उभी असेल, तर ती परत मागणे उत्तम. विकली गेली असेल, तर १,४०,००० रुपये रोख मागा.

पैसे न आल्यास अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे तक्रारदार राहतो तेथेच ती दाखल होते, नागपूरला जावे लागत नाही, आणि मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने विक्रेता नरमतो. ‘गाडी धंद्यासाठी होती, म्हणून हा ग्राहकच नाही’ असा आक्षेप समोरचा वकील हमखास घेईल. त्यावर, गाडी स्वतः चालवून उपजीविका करणार होतो, हे शपथपत्रात मांडा. पगारी चालक ठेवून दोन-तीन गाड्या भाड्याने फिरवणाऱ्यास हे उत्तर चालणार नाही.

भाड्याच्या गाडीचा खर्च मागता येतो, पण तारीखवार पावत्या असतील तेवढाच, आणि तोही पूर्ण मिळेल अशी आशा धरू नका. बँकेने कर्ज मंजूर केले आहे, वाटप बाकी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ते वाटप थांबवण्याचा अर्ज शाखेत देऊन पोच घ्या, नाहीतर रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जाईल आणि न आलेल्या गाडीचा हप्ता सुरू होईल.